टोपल्याखालची अठ्ठेचाळीस घरं

जिलानी पेंटरला घाई सांगितलेली चालत नाही. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा गल्लोगल्ली फिजिक्स-केमिस्ट्रीचे बोर्ड लागले. त्यातले निम्मे त्याच्याच हातचे. पुढं फ्लेक्स आले, बोर्डाचं काम गेलं, तसा तो क्लासवाल्यांसाठी मॉडेलं रंगवायला लागला. हृदय, किडनी, फुलाचा उभा छेद, सगळं खोक्यातून सुटं येतं. जोडायचं, रंगवायचं, वाळवायचं. मी स्वतः फिजिक्स शिकवतो, त्यामुळं आम्हा क्लासवाल्यांचा स्वभाव मला पाठ आहे. आम्हाला सगळं उद्या सकाळी पाहिजे असतं.

जिलानी म्हणतो, "वाळल्यावर घिऊन जा." कधी वाळेल विचारलं की रंगवलेल्या किडनीकडं बोट दाखवतो आणि पुढच्या कामाला लागतो. परवा एका क्लासच्या मालकानं मला गाठलं. उद्घाटन तोंडावर आलंय, सर, तुम्ही सांगा त्याला, तुमचं ऐकतो तो. मी म्हटलं, माझं त्यानं एकदाच ऐकलं होतं. काय झालं होतं ते मालकाला सांगायला वेळ नव्हता, म्हणून इथं लिहितो.

त्र्याण्णवच्या भूकंपाला पाच महिने होत आले होते. आमची निंबाळवाडी औशाच्या पलीकडं. गावात उभी भिंत म्हणून राहिली नव्हती. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर दोन-अडीच फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, आणि त्या पहाटे ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. माझे वडील महादेवप्पा त्याखाली गेले. माय, म्हणजे तुळजाबाई, नऊ तासांनी जिवंत निघाली. मी लातुरात कॉलेजच्या खोलीवर होतो म्हणून वाचलो.

त्यानंतर माय कुठल्याही छताखाली उभी राहिली नाही. सरकारनं पत्र्याची शेडं दिली, तिनं आत सामान ठेवलं आणि स्वतः चार बांबूंवर प्लॅस्टिकचा कागद ताणून राहिली. थंडीत तिला खोकला लागला तो जाईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळा हिनं असा उघड्यावर काढला तर छाती टिकायची नाही. मायला सांगितलं तर म्हणाली, "छाती दबून मरायपेक्षा बरं."

गावातल्या बाया तिच्याकडं बघून चालत. एका बाहेरच्या संस्थेनं चार किलोमीटरवर नवं गाव बांधून द्यायचं ठरवलं होतं, पण पहिल्या बैठकीत माय उठून गेली आणि मागोमाग सगळ्या बाया उठल्या. संस्थेचे इंजिनिअर चांगले होते, पण दमले होते. मी त्यांच्याकडं याद्या लिहायच्या कामाला होतो. ते मला म्हणाले, "शिवशंकर, आणखी एकच बैठक. नाही म्हणाले तर आम्ही दुसरं गाव घेतो. गावांची रांग आहे."

नकाशा कागदावर कुणाला कळत नाही, म्हणून त्यांनी पुण्याहून नव्या गावाचं मॉडेल मागवलं होतं. ते तयार येणार अशी माझी समजूत. बैठक रविवारी सकाळी दहाला, आणि शुक्रवारी दुपारी लातूरच्या स्टँडवर खोकं आलं ते सुट्या भागांचं. अठ्ठेचाळीस घरांच्या थर्माकोलच्या भिंती, छतं, एक मोठी प्लायवूडची पाटी, आणि इंग्रजीत एक कागद. जोडा आणि रंगवा.

जिलानीला मी तोंडओळखीनं ओळखत होतो. आमच्या भागातल्या सगळ्या पत्र्याच्या शेडांवर नंबर त्यानंच टाकले होते. त्याचं दुकान गंजगोलाईच्या बाजारामागं एका बोळात, दुकानामागंच घर. रोजे चालू होते. तो जुम्म्याची नमाज पढून नुकताच आला होता. त्यानं खोकं उघडलं, एक भिंत नखानं दाबून पाहिली आणि बायकोला हाक मारली. आबेदाभाभी चटईवर बसल्या आणि आम्ही तिघं मिळून घरं चिकटवायला लागलो. पाचपर्यंत अठ्ठेचाळीस घरं उभी झाली. तोवर बाहेर अवकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली होती.

"भिंती बदामी, छत विटकरी," मी कागद वाचून सांगितलं.

जिलानीनं ऑइल पेंटचे डबे काढले. "हे वाळायला एक दिवस लागते. ह्या हवेत दीड. आन् थर्माकोलवर म्या कदीच मारलं न्हाई. एक घर मारून ठिवतो, सकाळी बघू."

"सकाळपर्यंत थांबायला वेळ कुठंय, जिलानीभाई? थिनर जास्त घाला. थिनर उडून जातं, रंग तेवढा राहतो. तासाभरात वाळेल."

तो ब्रश हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. "पक्कं?"

"मी बी.एस्सी.ला आहे," मी म्हणालो.

हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात. गणपतीची मखरं करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तरी त्यानं हात धरला असता. पण जिलानी सातवी शिकलेला, आणि शिकलेल्या माणसाचा मान ठेवायची त्याला सवय. त्यानं रंग पाण्यासारखा पातळ केला आणि झरझर अकरा छतं रंगवली. हात कसला सुरेख, एक ओघळ नाही.

पहिल्या छताच्या मधोमध बारीक खड्डे पडले. मला वाटलं बुडबुडे आहेत. मग खड्डे एकमेकांत मिसळले, कोपरा मऊ पडून आत वळला आणि छत हळूच घरात बसलं. त्याच्या शेजारचं बसलं. मग रांगच बसत गेली. थिनर थर्माकोल विरघळवत होतं, आवाज काहीच नाही. लाल रंग भिंतींवरून खाली उतरत होता आणि अकराच्या अकरा घरं आमच्या डोळ्यांसमोर आत कोसळत होती.

मी भिंतीला टेकलो. जिलानीनं खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्या अकरा घरांवर अंथरला. मशिदीतून अजान झाली तेव्हा त्यानं एक खजूर स्वतः तोंडात टाकला, एक माझ्या हातात ठेवला. मी तो तसाच धरून बसलो, आणि मग जे व्हायचं तेच झालं. मी त्याच्यावरच उखडलो. काम येत नव्हतं तर हो कशाला म्हणालात, आता मी गावाला काय तोंड दाखवू, वगैरे.

आबेदाभाभींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं आपटल्यासारखा ठेवला. "भाऊ, थिनर कोन सांगितलं? तुमीच ना? ते तर मगापासून न्हाई न्हाई करून राहिले होते."

मी थिनरच्या बाटलीचं झाकण लावलं.

"आन् रडायचं काय त्याच्यात," त्या म्हणाल्या. "पान्यातला रंग लावा. डिंक टाकून."

"पाण्यातला रंग या हवेत वाळणारच नाही, भाभी."

"चार लेकरं वाढवले म्या ह्या घरात. भर बरसातीत दुपटे कशावर वाळवले? शेगडीवर टोपलं पालथं घालून, त्याच्यावर. दुपटं वाळते, घर न्हाई वाळनार?"

जिलानी पहिल्यांदा हसला.

शनिवारी सकाळपासून लाइट नव्हती. पाऊस थांबून थांबून येत होता. आबेदाभाभींनी दोन शेगड्या पेटवल्या, निखाऱ्यांवर राख पसरली, जाळीवर सहा-सहा घरं मांडली आणि वर टोपली पालथी घातली. थर्माकोल ज्वाळेनं आकसतं हे त्यांनी एका तुकड्यावर आधी करून पाहिलं. आम्ही दोघांनी जे केलं नव्हतं ते. मग नियम घातला. टोपल्याखाली हाताची उलटी बाजू धरायची आणि विसापर्यंत मोजायचं. धरवलं तर घर ठेवायचं, नाही धरवलं तर निखारे कमी करायचे. लेकराच्या दुपट्याचाही हाच नियम, म्हणाल्या.

वितळलेल्या अकरा घरांचा प्रश्न होता. त्यांच्या भिंती पुठ्ठ्याच्या केल्या. जिलानीनं बाकीच्या घरांचीही छतं काढून सगळीच नव्यानं पुठ्ठ्याची करायची ठरवलं, म्हणजे एकसारखी दिसतील. शेजारच्या चपलांच्या दुकानातून रिकामी खोकी आली. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी एकपर्यंत चौदाच घरं झाली होती. मी कुणाचं लक्ष नाही बघून एका शेगडीत चार निखारे वाढवले. थोड्या वेळानं वास आला. भाभींनी टोपलं उचललं, एका घराचा कोपरा मनुक्यासारखा झाला होता.

"तुमी पुठ्ठे कापा," त्या म्हणाल्या आणि मला शेगडीपासून उठवलं. त्या दिवसात पुन्हा मला निखाऱ्यांजवळ येऊ दिलं नाही. तो कोपरा जिलानीनं कणकेनं भरून काढला.

त्या दोघांचं तोंड कोरडं पडलेलं, धुरानं डोळे लाल, आणि तरी हाताला घाई नाही. मी मात्र दर दहा मिनिटांनी मोजत होतो. बावीस. अठ्ठावीस. चौतीस. माय आज रात्रीही त्या कागदाखाली खोकत पडणार, आणि उद्या दहाला हे ओलं राहिलं तर पुढच्या पावसातही पडणार. एवढंच डोक्यात फिरत होतं. रोजा सुटायच्या सुमाराला भिंती संपल्या, छतं वाळली. चिकटवायचं तेवढं राहिलं.

जिलानीनं एक छत चिकटवून पाहिलं. डिंकाच्या ओलीनं पुठ्ठा लगेच धनुष्यासारखा वाकला. "चिटकवलं तर वाकते," तो म्हणाला. "वाळायला पुरा दिवस पायजे. नुसते वरून ठिवू. कोनाला कळनार?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

रविवारी सकाळी टेम्पोतून निघालो. पाटी आमच्या दोघांच्या मांडीवर, वर आबेदाभाभींची ओढणी. प्रत्येक खड्ड्याला अठ्ठेचाळीस छतं टक् करून उडत आणि परत बसत. जिलानी दर वेळी डोळे मिटी.

दहाच्या सुमाराला आम्ही पोहोचलो. शाळेच्या शेडापुढं गाव जमलं होतं. इंजिनिअर साहेबांनी टेबल लावलं, त्यावर पाटी, बाजूला संमतीचं रजिस्टर आणि अंगठ्याची शाई. ओढणी काढली तशी माणसं पुढं सरकली. ही शाळा, ही पाण्याची टाकी, ही गल्ली. कुणी आपलं घर विचारत होतं, कुणी दार कुठल्या तोंडाला आहे ते बघत होतं. बाया लांबच होत्या. माझं लक्ष मायवर.

माय सावकाश पुढं आली. खोकली, पदर तोंडाला लावला. मग वाकून घराकडं बघितलं आणि दोन बोटांनी छत उचललं.

ते अर्थात उचललं गेलं. तिनं ते तळहातावर घेतलं, वरखाली करून पाहिलं, शेजारच्या धोंडाबाईच्या हातात दिलं. धोंडाबाईचे दोन नातू माळवदाखाली गेले होते. "लई हलकं हाय गं," माय म्हणाली. "उचलाया बी येतंय."

"व्हय की," धोंडाबाई म्हणाली, आणि बाया टेबलाभोवती दाटल्या. एकेक जण एकेक छत उचलून बघत होती.

"असं असंल तर म्या जाते," माय म्हणाली.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. इंजिनिअर साहेब दुसऱ्या टोकाला सरपंचांना टाकी समजावत होते, त्यांनी हे ऐकलंच नाही. मी रजिस्टर उघडलं, शाईचं पॅड पुढं केलं आणि मायचा अंगठा धरला. मला सगळं कळत होतं. नवी घरं स्लॅबची होती. आणि मी तिचा अंगठा धरून होतो.

"मावशी, जरा ठैरा," जिलानी म्हणाला.

मी त्याचा पाय दाबला. त्यानं पाय काढून घेतला.

"ते झाकन म्या चिटकवलं न्हाई. टाइम न्हाई भेटला म्हनून. खरं छत असं न्हाई राहत. सिमिटाचं राहते. लई जड राहते."

मायनं माझ्या हातातून अंगठा सोडवला. "शिवा, तू शिकल्याला हाईस. किती जड?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. "पाच-सहा टन," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"उसानं भरलेली एक ट्रॉली."

बाया मागं सरल्या. हातातली छतं कुणी टेबलावर टाकली, कुणी खाली. इंजिनिअर साहेब धावत आले. सळया कशा असतात, छत भिंतीला कसं बांधलेलं असतं, जुन्या माळवदासारखं ते सुटून येत नाही, ते पोटतिडकीनं सांगत होते आणि ते सगळं खरं होतं. पण ऐकायला कुणी नव्हतं. मी जिलानीकडं अशा नजरेनं बघितलं असेल की त्यानं मान फिरवली. त्या क्षणी हातात काही असतं तर मी त्याला मारलं असतं.

माय गेली नव्हती. ती जिलानीसमोर उभी होती.

"पेंटर, तुझ्या घरावर काय हाय?"

"पत्रे."

"आत निजतूस?"

जिलानी घुटमळला. "न्हाई मावशी. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी म्या हितं आल्तो, मान्सं काढाया. तवापसून अंगनातच. आबेदा, लेकरं आत ऱ्हातेत. म्या भायेर."

"पत्र्याखाली बी न्हाई?"

"न्हाई."

माय हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा, आणि हसता हसता खोकत. मग म्हणाली, "समदे म्हन्तेत भिऊ नगा. ह्यो एकटा खरं बोलला. साहेब, एक घर बांधा. ह्यो पेंटर त्यात निजंल. ह्यो निजला तर म्या आत जाईन, आन् मग अंगठा."

साहेबांनी जिलानीकडं बघितलं. जिलानी कपाळाचा घाम पुसत होता. पुसून झाल्यावर "हाव" म्हणाला.

नमुन्याचं एक घर बांधायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस मी जिलानीशी बोललो नाही. तो येणार नाही, कशाला येईल, असंच मनात धरून होतो. मे महिन्यात, रोहिण्या निघायच्या आधी, तो दुपारच्या एसटीनं आला. काखेत चादर, दुसरं काही नाही. ऊन असं की चपलेतून पाय भाजत होता. तरी सगळं गाव त्या एका घराभोवती जमलेलं.

त्यानं दारात चपला काढल्या. वर बघितलं. आत गेला, बरोबर मधोमध चादर अंथरली आणि उताणा पडला. डोळे मिटले. साहेबांनी घड्याळ बघितलं, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

दारातून मला त्याचे तळवे दिसत होते. आधी एक पाय हलला, मग दुसरा. मग दोन्ही पाय थडथडायला लागले. त्यानं ते एकमेकांवर दाबून धरले तरी थांबेनात. ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होता. उंबऱ्याशी माणसं कुजबुजायला लागली. कुणीतरी म्हणालं, गडी उठतोय आता. तो उठला असता तर सगळंच संपलं असतं, आणि तरी मला मनातून वाटत होतं, उठ बाबा, जा घरी, पुरे झालं.

माय उंबऱ्यापाशी उभी होती. तिनं दाराच्या चौकटीला हात लावला, काढला, परत लावला.

"पेंटर, भितूस व्हय रं?"

"हाव, मावशी," तो डोळे न उघडता म्हणाला. "लई."

"मग कशापायी पडलास?"

"बोल्लो होतो ना."

माय आत गेली. वर बघितलंच नाही तिनं, खाली त्याच्याकडंच बघत गेली. त्याच्या पायाशी बसली, दोन्ही थडथडते घोटे हातात धरले आणि लहान लेकराचे दाबावेत तसे दाबत राहिली. बऱ्याच वेळानं पाय शांत झाले.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "मला बी पाठ टेकू दे."

दारात धोंडाबाई चपला काढत होती.